निळ्या डब्याचा मान

जरा लांबच बसा, मित्रांनो, माझ्या अंगाला औषधाचा वास येतो. मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. बहादरपुरात भूषणच्या गोठ्यात एका खुंटीला मी टांगलेला असतो. केळीच्या बागेत कीड दिसली की मला पाठीवर घेतात, एरवी माझी कुणाला आठवण नसते. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मी मत्सरी आहे, अगदी काठोकाठ मत्सरी. त्यावर कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं.

मी कायम असा नव्हतो. पत्रा ठोकून, डाख लावून मला घडवलं, तेव्हा माझ्या अंगात तोंड दिसत असे. शहरातल्या बुधवारा बाजारात एका दुकानात मी लटकत होतो, तिथे भूषणचे वडील मोतीराम आले. त्यांनी बोटाने मला टकटक वाजवलं, दांडा वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, "बस, हाच द्या." मग काय विचारता! मोतीराम मला घेऊन केळीच्या ओळींतून फिरायचे आणि घरी आले की चिंच लावून घासायचे. लोक म्हणायचे, "मोतीरामभाऊ, पंप जोरदार आहे हो तुमचा." मी फुगून जायचो. पुढे मोतीराम गेले आणि शेती भूषणकडे आली. त्याने बॅटरीचा पंप आणला, आणि माझ्या वाट्याला कडेकोपऱ्यातली कामं उरली. त्या बॅटरीवाल्याचा मला हेवा वाटला, नाही असं नाही. पण चार्जिंग संपलं की तो मुका पडतो, तेवढ्याने माझा जीव थंड होतो.

माझं खरं वैर वेगळ्याशीच आहे. गोठ्यासमोर अंगणवाडी आहे. दर महिन्याला तिथे सिस्टर येतात आणि त्यांच्याबरोबर एक निळा डबा येतो. एवढासा डबा, आत बर्फ आणि बर्फात लशीच्या बाटल्या. लशीला आमच्याकडे टीका म्हणतात. तो आला की गल्लीतल्या बाया लेकरांना न्हाऊ घालून, काजळ लावून त्याच्यापुढे येऊन बसतात. "ऊन लागेल त्याला, सावलीत सरकवा," असं एकमेकींना सांगतात. ऊन लागेल म्हणे! मी उभा जन्म उन्हात तापलो, मला कुणी सावलीत सरकवलं का?

आणि माझ्याजवळ लेकरू आलं की काय होतं? भूषणची बायको वर्षा किंचाळतच धावते. "गोटू, हात नको लावू! छी आहे ते!" गोटू म्हणजे त्यांचं दीड वर्षाचं पोरगं, नुकतंच पळायला लागलेलं. आता तुम्हीच सांगा, मी केळी वाचवतो, तो लेकरं वाचवतो, दोघांचं काम एकच. मग काजळ लावलेली लेकरं त्याला आणि छी मला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून गोटूला टीका लावायचा नाही असं भूषणने ठरवलं, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. झालं होतं असं. गोटू तान्हा असताना त्याच्या मांडीत सुई टोचली आणि त्याला सणकून ताप भरला. मांडीला गाठ आली. भूषण त्याला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझारा घालत राहिला. पोर रडत होतं आणि बापाच्याही डोळ्यांना धार लागली होती. दुसऱ्या दिवशी गोटू हसायला लागला, पण बापाच्या मनातली धास्ती काही गेली नाही. त्यात मोबाइलवर टीक्याबद्दल कुणी काय-काय पाठवायचं, तेही तो बघत बसायचा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराचा टीका असतो. भूषणने तो लावूच दिला नाही.

वर्षा दूध काढायला गोठ्यात यायची, भूषण चारा टाकायला यायचा, आणि दोघांचं भांडण माझ्यासमोर व्हायचं.

"सिस्टर आज परत विचारत होत्या," वर्षा म्हणायची. "मी काय सांगू त्यांना?"

"सांग, बाप नाही म्हणते. साऱ्या गल्लीने लावला ना टीका? मग आपल्या एका पोराने काय फरक पडते?"

"अन् सगळेच असं म्हणाले तर?"

"सगळे नाही म्हणत, मी म्हणतो. तो तडफडत होता तेव्हा माझ्या खांद्यावर होता, वर्षा. ते परत नाही बघवणार माझ्याने."

हे बोलताना त्याचा आवाज चिरकायचा. वर्षाला तो आडमुठा वाटत नव्हता, घाबरलेला वाटत होता. मी मात्र खुंटीवरून म्हणायचो, शाब्बास रे पठ्ठ्या! एक तरी दार बंद झालं त्या निळ्याला.

मग हरण्या आला. हरण्या हा केळीचा रोग. पानांवर पिवळे पट्टे पडतात, झाड खुरटतं, आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. मावा नावाची बारीक कीड रोगट झाडाचा रस पिऊन चांगल्या झाडावर जाऊन बसते, की तेही गेलंच. म्हणून पिवळं पडलेलं झाड मुळासकट उपटायचं आणि जाळून टाकायचं, अशी इकडची रीत आहे. शेजारच्या विनायकने ती पाळली नाही. भूषण मला पाठीवर घेऊन बांधावर गेला.

"विनायकभाऊ, ती झाडं काढून टाका ना. माझी बाग कोवळी आहे अजून."

"अरे, एवढ्याशा झाडांनी काय होते?" विनायक म्हणाला. "तुझ्याजवळ पंप आहे ना, मार फवारा. माझं झाड, माझी मर्जी."

"झाड तुमचं आहे, भाऊ. पण उडालेला मावा तुमच्या घरचा नाही राहत!"

विनायकने खांदे उडवले आणि पाठ फिरवली. भूषणने फवारा मारला. मीही जीव तोडून काम केलं, दांडा कुरकुरेपर्यंत. पण बांधापलीकडून मावा येतच राहिला. शेवटी आमच्या कोवळ्या झाडांवर पट्टे उतरले आणि ती भूषणला आपल्या हाताने उपटावी लागली. घरी येऊन त्याने मला जमिनीवर आदळलं. "काही कामाचा नाही हा," म्हणाला. मित्रांनो, हे माझ्या वर्मी लागलं. चूक विनायकची आणि बोलणी मला. निळ्या डब्याला कधी कुणी असं आदळलं आहे का?

याच सुमाराला भूषणची एकुलती एक बहीण ज्योत्स्ना इथल्याच जवळच्या लालबागला सासरी बाळंत झाली. मुलगा झाला. सव्वा महिना झाला की ती बाळाला घेऊन माहेरी येणार होती. भूषणची आई ताराबाई डिंकाचे लाडू वळायला बसली. भूषणने आढ्याला पाळण्याचा दोर बांधला, स्वतः लोंबकळून तो पक्का आहे का ते पाहिलं. भाच्याला मांडीवर घ्यायला तो नुसता आसुसला होता. आणि नेमकी तेव्हाच गावात गोवराची साथ आली. "गोवर काय, साऱ्या लेकरांना निघतो. येतो अन् जातो," असं म्हणून ताराबाईने लाडवांचा डबा भरला.

ठरलेल्या दिवशी भूषण मोटरसायकलची किल्ली फिरवत गोठ्यात आला. वर्षा दारात आडवी उभी राहिली.

"जाऊ नका. ज्योत्स्नाताई येत नाहीत. मीच फोन करून नको म्हटलं."

"काय?"

"गावात गोवर आहे अन् आपल्या गोटूला टीका नाही. उद्या त्याला निघाला तर? पाळण्याला चिकटून बसेल दिवसभर. बाळाला काय होईल?"

"माझ्या बहिणीचं माहेर बंद करणारी तू कोण?" भूषण ओरडला. "एवढी भीती आहे तर बाळालाच टीका लावा म्हणा!"

"त्याला लावता येत नाही. नऊ महिने व्हावे लागतात. तोपर्यंत आसपासच्यांनीच सांभाळायचं त्याला." वर्षा दारातून हटली नाही. "बांधावर विनायकभाऊला काय म्हणाले, ते तुम्हीच रोज जेवताना ऐकवत होते ना? मग ऐका आता. ते बाळ कोवळी बाग आहे. अन् बांधापलीकडे आपला गोटू आहे. आज विनायकभाऊ तुम्ही आहात."

भूषण चाऱ्याच्या ढिगावर बसला. मी मनात म्हटलं, अरे ऊठ, मला पाठीवर घे, शेतात चल, बायकांचं काय ऐकतोस! पण त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली खिशात टाकत तो म्हणाला, "मला भीती वाटते गं."

"मलापण वाटते," वर्षा म्हणाली. "पण ताप आला तर या टाइमाला दोघं मिळून बघू. तुम्ही एकटे नाही राहणार."

साथीमुळे सिस्टर त्या आठवड्यात परत आल्या. मी खुंटीवरून सगळं पाहिलं आणि ते मला अजून डाचतं. भूषण, माझा भूषण, त्या निळ्या डब्यासमोर मांडी घालून बसला! गोटूचं डोकं त्याने छातीशी धरलं. सुई टोचताना पोर किंचाळलं आणि बापाने डोळे घट्ट मिटून घेतले. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येऊ शकतो. घाबरू नका, मला फोन करा. अन् बहिणीला साथ ओसरल्यावरच बोलवा, घाई नको."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण सिस्टर निघाल्या आणि डब्याचा पट्टा तुटला. भूषणने तो वरच्या वर झेलला. सिस्टरना अजून शेतातल्या वस्तीवर जायचं होतं. "थांबा," म्हणत भूषण गोठ्यात आला. माझा पट्टा विरला म्हणून त्याने नुकताच बुधवाऱ्यातून नवा आणला होता, जाड नवारीचा, अजून कागदातच गुंडाळलेला. त्याने कागद फाडला. मला वाटलं, आला माझा मान! पण तो पट्टा घेऊन तसाच बाहेर गेला. त्याने तो त्या डब्याला बांधला, गाठ ओढून पाहिली, गोटूला वर्षाकडे दिलं आणि डबा स्वतःच्या खांद्यावर टाकून सिस्टरबरोबर वस्तीची वाट धरली. माझ्या जागी तो, मित्रांनो! त्या दिवशी मी जळून खाक कसा झालो नाही, कुणास ठाऊक.

पुढे गोटूला थोडा ताप आला. दोघं त्याच्या उशाशी बसून राहिले आणि ताप उतरला. साथ ओसरली तशी ज्योत्स्ना बाळाला घेऊन आली. भूषण पाळण्यापासून हलेना. गोटू पाळणा इतका जोरात ओढायचा की ताराबाई लाडू टाकून धावायची.

आता माझी विनंती ऐका. मला आणि माझ्यासारख्यांना हात लावू नका, आम्ही लेकरांच्या खेळण्यातले नाही. पण तो निळा डबा गल्लीत आला की घरातल्या लहानग्यांना घेऊन पुढे बसा. घरातलं मोठं माणूस घाबरत असेल तर त्याच्याशी भांडा, पण त्याचा हात सोडू नका. आणि स्वतःसाठी नको वाटलं तर ज्याला अजून टीका लावताच येत नाही, त्या पाळण्यातल्यासाठी लावून घ्या. हे माझ्या तोंडाने सांगताना माझ्या पोटात दुखतं. पण ते बाळ एवढ्या दणदणीत आवाजात रडतं, की गोठ्यात लटकलेल्या मलाही ते ऐकून बरं वाटतं. तेव्हा ठेवा त्या डब्याला सावलीत, खुशाल ठेवा. फक्त तो ज्याच्या जोरावर गावभर फिरतो ना, तो पट्टा माझा आहे.