चुकीच्या पोर्टवर गेलेले आजोबा

डायलिसिस सेंटरची वेळ घरबसल्या घेता यावी म्हणून माझ्या धाकट्या जावेनं वेबसाइट केली. ती लोकांसाठी खुली झाली आणि दुसऱ्याच दिवशी सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, एक आजोबा मोबाइल दाखवतायत. आजची वेळ घेतलीय म्हणे. आमच्या पडद्यावर त्यांचं नावच नाही आणि मशीन सगळी भरलीत. आज चुकलं तर जड जाईल हो त्यांना."

धाकटी तशीच कॉम्प्युटरपाशी बसली. वेबसाइट झकास उघडत होती. भाऊजी मागून डोकावले. "चालतंय की. सिस्टरांचाच चष्मा बदलायला झाला असेल."

"चालतंय हीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिनंच कधीतरी समजावलं होतं. एका सर्व्हरवर अनेक प्रोग्राम नांदतात. प्रत्येकाच्या दाराला आकडा असतो, त्याला पोर्ट म्हणायचं. खरा प्रोग्राम ५००० वर, तिनं करून बघण्यापुरता केलेला सरावाचा ५००१ वर. बाहेरून आलेल्याला योग्य दाराशी नेऊन सोडायचं काम वेब सर्व्हरचं.

कीर्तनात बुवा दृष्टांतांच्या रानात कितीही लांब गेले तरी मूळ पदावर अचूक येतात. तशीच ही, फायलींमागून फायली बघत, न गडबडता मुद्द्यावर आली. तिनं सरावाचा प्रोग्राम बंद केला. वेबसाइट आडवी झाली.

"अगं, होतं तेही घालवलंस," भाऊजी म्हणाले.

"घालवलं कुठं? सापडलं. लोक सगळे सरावाकडेच जात होते."

वेब सर्व्हरची मांडणी तिनं सरावाच्या वेळचीच जशीच्या तशी उचलली होती. त्यातला ५००१ बदलून ५००० करायचा राहून गेला होता. तिनं आकडा दुरुस्त केला, सर्व्हर पुन्हा चालू केला, सरावात अडकलेली नावं खऱ्या प्रोग्रामात आणली. आणि सिस्टरांना फोन लावून म्हणाली, "फोन आजोबांना द्या."

देवा, कबुली द्यावी तर अशी. आढेवेढे नाहीत, यंत्रावर ढकलणं नाही. "आजोबा, चूक माझी आहे. तुमची काहीच नाही."

"बाळ, भांडायचं ठरवलं होतं," पलीकडून थकलेला आवाज आला, "पण तू जागाच ठेवली नाहीस."

सिस्टरांनी संध्याकाळची एक जादा पाळी लावली. तोवर आजोबांना घरी सोडून परत आणायला भाऊजींनी मुकाट्यानं गाडी काढली.

मी तिच्यापुढं चहा ठेवला. तिचं लक्षच नव्हतं. सरावात अडकलेल्यांपैकी पुढच्या माणसाला फोन लागला होता. "नमस्कार. तुमची वेळ पक्की आहे, पण आधी माझी एक चूक सांगते."