जिराफाच्या मानेतली काडी

मी जिराफ बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची एक रांग चालली आहे आणि माझं सगळं लक्ष तिकडे आहे. मी साखरेचा. केकवर बसवायला मुलं फॉन्डंटची, म्हणजे मळलेल्या साखरेच्या गोळ्याची, जनावरं करतात ना, त्यांतला एक. तुमच्या मधल्या बोटाएवढा उंच. म्हणजे, होतो तेवढा. आता मला डोकंच नाही.

डोकं नाही तर बोलतो कसा, असं विचाराल. खरं सांगू, घाबरण्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही आणि घाबरायला डोकं लागत नाही. भीती पोटात असते. माणसांचंही तसंच असावं, नाहीतर त्यांच्या पोटात गोळा कशाला आला असता?

माझा जन्म केकमावशीच्या ओट्यावर झाला. मावशी तशी कुणाचीच सख्खी नव्हे. ती केक करून विकते आणि सुट्टीत मुलांना केकवरची जनावरं करायला शिकवते. त्या दिवशी ओट्याभोवती चारपाच मुलं उभी होती. ओट्यावर मक्याचं पीठ भुरभुरलेलं, मुलांच्या नाकांवरही तेच. मी तेव्हा पांढरा गोळा होतो, ओल्या फडक्याखाली झाकलेला. फॉन्डंट उघडं राहिलं की त्याला भेगा पडतात, म्हणून मावशी सारखी ओरडायची, "झाका रे, झाका! सुकलं की माझ्याकडे रडत यायचं नाही."

मला ज्या मुलीनं घडवलं तिला घरी सगळे ताई म्हणतात, कारण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो. त्या भावाचं नाव ढब्बू. त्याच्या चौथ्या वाढदिवसाच्या केकवर बसायला मी जन्माला येत होतो. ताईनं टूथपिकच्या टोकावर पिवळा रंग घेतला, मला मळलं, चिमटे काढले, पाय केले. पाय बरे जमले. मान जमेना.

उभ्या जनावराच्या मानेत आधाराला काहीतरी घालावं लागतं. त्यासाठी मावशी कच्च्या स्पॅगेटीचे, त्या जाड कडक शेवयांचे, तुकडे देते. त्याला ती हाड म्हणते. "हाड खाल्लं गेलं तरी चालतं," ती म्हणाली. "टूथपिक फक्त रंग घ्यायला आणि डोळे टोचायला. आत घालायची नाही, मोडून तर मुळीच नाही. आत काय आहे ते खाणाऱ्याला दिसत नसतं."

ताईनं डोकं चिकटवायला पाणी जास्त लावलं. हाड भिजून मऊ पडलं आणि माझी मान कलंडली. दुसरं घातलं, ते मोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उभी राहत नसेल तर निजलेला कर," मावशी म्हणाली. "मान पाठीवर टेकव. निजलेला जिराफ काय वाईट दिसतो?"

"नको ना मावशी. ढब्बूला उभाच हवाय. सगळ्यात उंच."

तेवढ्यात भट्टीची घंटी वाजली आणि मावशी केकचा साचा बाहेर काढायला वळली. ताईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक टूथपिक घेतली, कट्कन मोडली आणि अर्धी माझ्या मानेत खुपसली.

दुखलं असं म्हणणार नाही, साखरेला काही दुखत नाही. पण मी एकदम ताठ झालो. इतका ताठ की समोर काय आहे ते मला पहिल्यांदा नीट दिसलं.

मावशी परत आली. "अगंबाई, जमलं की! हाड घातलंस ना?"

ताई म्हणाली, "हो."

उरलेली अर्धी काडी तिनं मुठीत दडवली.

रात्रभर आम्हाला पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळत ठेवलं. शेजारी हत्ती होता आणि एक कासव. ते दोघं खुशाल होते. खाल्लं जाणं हेच आपलं काम, त्यात घाबरायचं काय, असं कासवाचं मत. माझंही खाल्लं जाण्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण मला खाणार कोण? तर ढब्बू. त्याच्याबद्दल ताईनंच ओट्यापाशी सांगितलं होतं, हसत हसत: "आमचा ढब्बू चावतच नाही, गिळतो. परवा त्यानं शर्टाचं बटण गिळलं!" सगळी मुलं खो खो हसली होती. मला ते हसणं रात्रभर आठवत राहिलं. बटण गोल होतं. माझ्या आतली काडी मोडलेल्या बाजूला किती टोकदार झाली होती, ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मावशीनं केक ताईच्या घरी आणला, आम्हा तिघांना वर बसवलं आणि केक फ्रिजमध्ये गेला. मावशीही वाढदिवसाला थांबली. ताईच्या आईनं मला वाकून पाहिलं. "काय ऐटीत उभा आहे बघा! आमच्या ताईनं केलाय हं, एकटीनं." ताई दाराशी उभी होती. कौतुक ऐकून पोरं फुलतात; ही आणखी आकसली.

थोड्या वेळानं फ्रिजचं दार हळूच उघडलं. ताईचा हात आत आला. तिची बोटं माझ्या मानेला लागणार तोच मागून आईचा आवाज आला.

"केकला हात लावायचा नाही! किती वेळा सांगायचं?"

"आई, एक सांगू?"

"नंतर सांग गं बाई. आधी ते फुगे फुगव, माणसं येतील आता."

दार बंद झालं आणि आत अंधार. हत्तीला आणि मला गारव्यानं घाम फुटला. फॉन्डंटला फुटतो तसा. माझं अंग मऊ पडायला लागलं आणि मला आशा वाटली. म्हटलं, पडू दे मान. आत्ताच पडू दे, इथे, अंधारात. म्हणजे काडी उघडी पडेल आणि कुणालातरी दिसेल. मी जीव खाऊन वाकायचा प्रयत्न केला. पण काडी मला वाकू देईना. त्या अंधारात मी जेवढा घाबरलो तेवढा पुढे दातांमध्येही घाबरलो नाही.

मग उजेड, गलका, टाळ्या. मेणबत्त्या विझल्या. ढब्बू खुर्चीवर उभा होता, नव्या शर्टात. आईनं मला अलगद उचलून त्याच्या हातात दिलं. "घे, ताईनं तुझ्यासाठी केलाय. आधी काय खाणार?"

"डोकं!"

"नको!" ताई ओरडली. "आई, तो ठेवू या ना. शोभेला."

"माझाय तो," ढब्बू म्हणाला आणि त्यानं आ वासला.

मी त्याच्या तोंडाच्या आत पाहिलं. लाल, ओलं, काळोखाकडे जाणारं. कासव म्हणायचं घाबरायचं काय. कासवानं ते पाहिलं नव्हतं. मला ओरडायचं होतं. साखरेला गळा असतो पण आवाज नसतो, याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आणि मग मी हवेत गेलो. ताईनं मला त्याच्या हातातून हिसकावलं आणि माझं डोकं स्वतःच्या तोंडात घातलं. मी शेवटचं पाहिलं ते तिचे डोळे. ते माझ्याहूनही घाबरलेले होते. तिनं दात मिटले. साखर तुटली. लाकडावर दात अडले.

पुढचं मला डोक्याशिवायच कळलं. ढब्बूनं भोकाड पसरलं. आई म्हणाली, "लाज नाही वाटत? भावाच्या वाढदिवशी, चारचौघांत? एवढी हावरी कधीपासून झालीस गं?" तिचा हात वर गेला होता. ताईला बोलता येत नव्हतं, तोंड भरलेलं. तिनं ओंजळीत सगळं थुंकलं. पिवळी साखर, तिच्यात रक्ताचा एक धागा आणि अर्धी टूथपिक.

"मीच घातली होती," ती म्हणाली. "मान पडत होती म्हणून. मावशीला खोटं सांगितलं. आणि मग... मग सांगताच येईना."

आईचा वर गेलेला हात खाली आला आणि त्यानं ताईची हनुवटी धरली. "बघू. आ कर. आ कर म्हणते ना!" आईचा आवाज चिरकला होता. तिनं आधी ताईच्या तोंडात पाहिलं, मग ढब्बूकडे, मग पुन्हा काडीकडे, आणि मटकन खुर्चीवर बसली. "मी नंतर सांग म्हटलं होतं," ती पुटपुटली.

मावशीनं हत्तीची सोंड चाचपली, कासवाची मान चाचपली. मग म्हणाली, "तू हो म्हणालीस आणि मी हात लावून बघितलं नाही. घाईत होते." ताई तेव्हा रडली.

ढब्बूचं रडं थांबलं होतं. खुर्चीवरून उतरून तो ताईजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुला हाड लागलं?"

तेव्हापासून मी इथे, खिडकीत आहे. हत्ती आणि कासव केव्हाच खाल्ले गेले, त्यांचं सोनं झालं. माझे मात्र चार पाय आणि एक भोक उरलं. ढब्बू मला खाऊ देत नाही आणि टाकूही देत नाही. त्यामुळे मला आता मुंग्यांची भीती वाटते, उन्हाची वाटते, फडकं मारणाऱ्या हाताची वाटते. भित्रा तो भित्राच राहणार.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचं कुणी दाराशी उभं राहून "एक सांगू?" म्हणालं, तर फुगे राहू द्या. एवढंच.

आत्ता टेबलापाशी दोघं बसली आहेत. मावशीनं उरलेला पिवळा गोळा पाठवलाय. ताई मळते आहे. तिच्या ओठावरची खपली अजून गेलेली नाही.

"उभा?" ढब्बूनं विचारलं.

"नाही. निजलेला."

तिनं मला खिडकीतून टेबलावर घेतलं, माझे पाय हलकेच मुडपायला पाहिले, पण ते सुकून कडक झाले होते. मग तसंच मला आडवं केलं. नवी मान पाठीवर टेकवली, पाण्याचं एकच बोट लावून. नवं डोकं आलं. डोळे टोचले, आणि टूथपिक तिनं ढब्बूच्या देखत लांब, डब्यात ठेवली.

ढब्बू माझ्याकडे संशयानं बघत होता. "आत काय आहे?"

ताई म्हणाली, "काही नाही." मग थांबली. मला त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "दाबून बघ."

त्यानं अंगठ्यानं माझी मान दाबली, चांगली जोरात. मान चपटी झाली. आत काहीच टोचलं नाही.