ताईचे दोन ब्लॉग

ताईकडे दोन ब्लॉग होते. एक पंपांच्या कारखान्याचा, पोटापाण्याचा: नवं यंत्र आलं, सुट्टी बदलली, कोण निवृत्त झालं, सगळं तिनेच लिहायचं. दुसरा घरचा. बाबांच्या दुखण्याची तीच कर्मकहाणी आठ नातेवाइकांना फोनवर सांगून तोंडाला फेस आला, तेव्हा तिने तो फक्त त्यांच्यापुरता उघडला. त्यात खरं असायचं. बाबांना मात्र अल्सर सांगितला होता, आणि त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

बाबा त्याच कारखान्यात एकतीस वर्षं फोरमन होते. निवृत्तांनाही कंपनीच्या ब्लॉगचा मेल जायचा. ते शब्दन् शब्द वाचत आणि व्हॉल्व्हचं माप चुकलं की लेकीचे कान उपटत.

दोन्ही ब्लॉग एकाच खात्यात. कुठे छापायचं ते वर निवडायचं, एवढंच. बुधवारी पावणेएकला, डबा खाता खाता तिने लिहिलं, 'कॅन्सर यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने.' आणि निवडायचं राहून गेलं.

अर्ध्या तासाने स्टोअरकीपर काका दारात येऊन उभे राहिले. "पोरी, ते कंपनीच्या ब्लॉगवर..." त्यांनी मोबाईल पुढे धरला.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. तिने लेख काढून टाकला, पण मेल कधीच गेले होते. लॅपटॉप काखोटीला मारून ती घरी धावली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. "आज लवकर कशी?"

"डोकं दुखत होतं. कंपनीचा मेल पाहिलात का?"

"छे! मोबाईल कालपासून बंद पडलाय. चार्जच केला नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करावी म्हणून तिने स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. कंपनीच्या ब्लॉगवरची प्रत्येक प्रतिक्रिया आधी तिच्याकडे यायची, तिने होकार दिला तरच छापली जायची. हे बाबांना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटे, मेलखाली लिहिलेलं फक्त मेल मिळालेल्या निवृत्तांनाच जातं. एक प्रतिक्रिया थांबलेली होती, एक वाजून पाच मिनिटांची.

'सर्वांना विनंती. मी हे वाचलं, हे माझ्या मुलीला कळू देऊ नका. बिचारी फार कष्टाने लपवते आहे. – जुना फोरमन.'

तिने नळ सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, गोळी काढली आणि बाहेर आली.

"डॉक्टर म्हणाले, अल्सर भरत आलाय."

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.