पाठ असलेली ओळ

नऊ, दोन, सात, चार, सहा, तीन. डोळे तपासायच्या तक्त्यावरची ही पाचवी ओळ. एकतीस वर्षं तो तक्ता माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेला होता. मी तो पाहिला कमी आणि ऐकला जास्त, कारण समोर उभा असलेला माणूस आकडे वाचायचा आणि मी मान खाली घालून फॉर्मवर खूण करायचो. गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा अधिकारी होतो मी. लोक मला नापास साहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, पाठ फिरली की नापास. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

लोक गयावया करायचे. "साहेब, एवढी वेळ सांभाळून घ्या." नोकरी जाईल, लग्न मोडेल, आई आजारी आहे, काय काय सांगायचे. मी वर न बघता एकच शब्द म्हणायचो, "पुढचा."

एकदा तर मी स्वतःच्या बायकोला नापास केलं. ज्याची पाळी होती तो अधिकारी रजेवर होता, म्हणून ती माझ्या हाताखाली आली. पुढे उत्तम चालवली तिनं. मागे घेताना मागचं चाक पांढऱ्या पट्टीला लागलं. लागलं म्हणजे किती, तर बोटभरही नाही. मी फॉर्मवर लिहिलं, नापास, आणि म्हणालो, "पुढचा." त्यानंतर ती कधी परीक्षेला बसली नाही. हा किस्सा मी पुढे वीस वर्षं प्रत्येक बैठकीत छाती फुगवून सांगितला. ती तिथंच चहा देत असायची. लोक हसायचे, तीही हसायची. निदान मला तसं वाटायचं.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता तिला नदीपलीकडच्या इस्पितळात यंत्राला जोडतात. चार तास तिचं रक्त त्या यंत्रातून धुऊन परत अंगात जातं. तिथं बारा खुर्च्या आहेत आणि वाट बघणारे वीस. पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला. एक खुर्ची चुकली की काय होतं ते मी मार्च महिन्यात पाहिलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले, आणि ती माझं मनगट धरून नुसती बघत राहिली. त्यानंतर मी कानाला खडा लावला. काही झालं तरी अकरा म्हणजे अकरा.

खुर्ची चुकली ती का, तेही ऐका. घराजवळची बस बंद झाली. कोपऱ्यावर टॅक्सी उभ्या असायच्या, तिथं आता कॉफीचं दुकान आहे. टॅक्सी फोनवरून बोलवायची, पैसे कार्डानं द्यायचे, आणि कार्डासाठी बँक जो सहा आकडी कोड पाठवते तो जातो आमच्या मुलाच्या फोनवर. मुलगा परदेशात. आपला दिवस ती त्याची रात्र. त्याचा नंबर बँकेत मीच दिला होता, कारण माझ्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता आणि बँकेतली बाई म्हणाली, "काका, मुलाचा द्या, सोयीचं पडेल." सोयीचं! मार्चमध्ये मुलगा जागा होऊन कोड कळवेपर्यंत टॅक्सी दोनदा येऊन गेली. तेव्हा आमची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून ही वेळ आली.

नंबर बदलायला गेलो तर बँकेची शाखाच उठलेली. एक यंत्र भिंतीत आणि एक कागद दारावर, की सर्व सेवा आता फोनवर. मी नवा फोन घेतला. फोन म्हणाला, चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. मला तो गोल दिसेना. बायकोनं फोन धरला, मी डोळे मिचकावले, फोन म्हणाला चेहरा जुळत नाही. तीन वेळा नापास करून त्यानं मला चोवीस तासांनी या म्हणून सांगितलं. असं पाच दिवस झालं.

गोल दिसेना, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक करडा डाग आहे. दीड वर्षापूर्वी आला. कडेचं सगळं दिसतं, झाडं, भिंती, फुटपाथ. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजलाय, चष्म्यानं काही होणार नाही. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवत नाही ना?" मी म्हटलं, "छे."

बायकोला डागाचं सांगावंच लागलं, कारण एकदा लाल दिव्यावर मी गाडी तशीच पुढे नेली. तेव्हापासून ती शेजारी बसून सांगते. "लाल. थांबा. हिरवा. पुढे सायकलवाला आहे, उजवीकडून घ्या." आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर. हळू जातो, चाळीसच्या वर काटा नेत नाही. काटाही तीच वाचते.

त्या शुक्रवारी माझ्या लायसन्सचा शेवटचा दिवस होता. नव्यासाठी डोळ्यांची तपासणी, आणि वेळ संगणकानं दिलेली, नऊ चाळीस. माझं जुनं ऑफिस इस्पितळाच्या वाटेवरच होतं. मी हिशेब केला, दहाला बाहेर, साडेदहाला नदीचा पूल, पावणेअकराला खुर्चीशी. डोळ्यांची मला चिंता नव्हती. पाचवी ओळ वाचली की पास, हा नियम मीच राबवला होता. पाढे विसरेन, ती ओळ नाही विसरायचो.

ऑफिसात शिरलो आणि मला काहीच ओळखता येईना. माझी खोली गेली होती. तिथं काचेचे सहा काउंटर, आणि छतातून एक आवाज आकडे पुकारत होता. बायको बाकावर बसली, डावा हात मांडीवर जपून ठेवून. त्या हातातच सुया टोचतात. आमचा आकडा सव्वादहाला आला. म्हणजे पस्तीस मिनिटं वाया.

काउंटरवर एक तरुण बाई होती. चेहरा काही मला दिसला नाही, आवाज गोड होता. "काका, समोर बघा," ती म्हणाली. समोर एक उजेडाचा चौकोन होता. मधे माझा डाग होता आणि डागामागे तक्ता असणार, हे मी धरून चाललो. उशीर होत होता. मी ताठ उभा राहिलो, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नऊ, दोन, सात, चार, सहा, तीन."

मागून बायको खोकली. तो खोकला नव्हता, हे मला आत्ता कळतं.

"काका," ती बाई हळूच म्हणाली, "मी अजून काही लावलंच नाहीये. पडदा कोरा आहे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी म्हणालो, "गंमत केली." मग तिनं आकडे लावले. दर वेळी वेगळे येतात म्हणे आता. मी मान तिरकी केली, वर केली, कडेनं पकडायचा प्रयत्न केला. एक सात मिळाला, तोही बहुधा एक असावा. ती थांबली होती, सगळेच थांबले होते. शेवटी ती म्हणाली, "सॉरी काका." माझं जुनं लायसन्स घेऊन तिनं कोपऱ्याला भोक पाडलं. तो पंचचा आवाज मी ओळखला. एकतीस वर्षं तो माझ्या हातातून निघत होता.

मी बायकोला उठवलं आणि गाडीपाशी आलो. दहा पंचवीस झाले होते. मी ठरवून टाकलं होतं. कार्डाला भोक पडलं म्हणून गाडीची चाकं थोडीच गळाली? सोळा किलोमीटर, बस्स. सोमवारचं सोमवारी बघू. मी किल्ली लावली.

"येताना मी झोपते," बायको म्हणाली.

"काय?"

"यंत्रावरून उठल्यावर माझ्यात काही उरत नाही. गाडीत बसले की झोपते. घरी आल्यावर तुम्हीच उठवता. मग येताना लाल-हिरवं कोण सांगतं?"

मी किल्लीवरचा हात काढला नाही.

"दीड वर्ष, आठवड्यातून तीनदा. मी समजत होते येताना उजेड बरा असतो, तुम्हाला थोडं दिसत असेल. येताना कसं आणता हो तुम्ही?"

"पाठ आहे रस्ता," मी म्हणालो.

बोललो आणि माझाच शब्द माझ्या कानाला लागला. कोऱ्या पडद्यावर मी किती ऐटीत वाचलं ते तिनं आत्ताच ऐकलं होतं. मला त्या क्षणी सगळे रस्ते आठवले, शाळेजवळचं वळण, बाजाराची गर्दी, दुपारी तीनची वेळ, शेजारी मान टाकून झोपलेली ती. तिथं काय काय होतं आणि मी काय वाचत होतो?

तिनं उजवा हात पुढे केला आणि किल्ली काढून घेतली. तिच्या हातात जोर नव्हता, तरी काढली.

"नापास," ती म्हणाली. रागानं नाही. मी म्हणायचो तसंच, कोरडं.

मी रडलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्याच जुन्या ऑफिसच्या आवारात. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला पास केलं असतं तर आज तू चालवली असतीस." ती म्हणाली, "आता ते काय काढता? किती वाजले बघा. नाही, राहू द्या, मीच बघते. दहा तेहतीस. आत जा. त्या मुलीला सांगा, तिच्या फोनवरून गाडी बोलावून द्या. पैसे तिला रोख देऊ, आहेत माझ्याकडे."

"ती कशाला करेल?"

"विचारा की. कधी विचारलंय कुणाला?"

नव्हतं विचारलं. मी आत गेलो. पायरी दिसली नाही, गुडघा आपटला, उठलो. दारातलं यंत्र म्हणत होतं, क्रमांकासाठी फोन नंबर टाका. मी तसाच पुढे घुसलो. "ओ काका, लाईन आहे," लोक ओरडले. मी काउंटरची कड धरली. काच थंड होती.

"बाई," मी म्हणालो, "माझी बायको बाहेर बसलीय. अकराला तिचं रक्त धुवायचं असतं. मी गाडी चालवणार नाही, शपथेवर सांगतो. तुमच्या फोनवरून तेवढी एक टॅक्सी बोलावून द्या. एवढी वेळ सांभाळून घ्या."

हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होतो, पण एकही शोधावा लागला नाही. हजारदा ऐकलेले. तेही पाठच होते.

छतातल्या आवाजानं पुढचा आकडा पुकारला. काचेपलीकडे तिची मान हलली, एवढं मला कडेनं कळलं. होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते दिसेना. चेहऱ्याच्या जागी तो करडा डागच होता. मी मान तिरकी करून बघितलं, तोवर ती खाली वाकून काहीतरी बोलली होती, आणि ते छतातल्या आवाजात बुडालं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.