तुंब्यातली हूम

गुणवंतराव पिंपळशेंडे यांनी वाळवंटाच्या सहलीची तयारी सुरू केली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि निघायचं होतं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. भद्रावतीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, तिथे खिळा ठोकायचा तरी आधी कागद लागायचा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, कागद काही सुटला नाही.

बेत असा होता. बल्लारपूरहून नागपूर, तिथे गाडी बदलून जोधपूर. दोन दिवस ताल छापरच्या गवताळ रानात, मग जैसलमेरच्या वाळवंटी उद्यानाजवळ तंबू ठोकून पाच दिवस. सामानाच्या यादीत दुर्बीण होती, पाण्याचे डबे होते, आणि जन्म जंगलाच्या जिल्ह्यात गेल्यामुळे जाड काठी, दोन टॉर्च आणि वाजवायला पत्र्याचा एक डबाही होता. सूचना क्रमांक सहा अशी होती की पहाटे परसाकडे कुणी एकट्याने जाऊ नये. ती वाचून त्यांची मुलगी दीपाली खूप हसली. वरोऱ्याच्या शाळेत शिकवणारी दीपाली या सहलीत बरोबर येणार होती. तिथे वाघ नाही बाबा, असं तिनं त्यांना समजावलं.

वाघ नाही हे गुणवंतरावांना पक्कं माहीत होतं. वाघ नाही, झाडी नाही, आडोसा नाही, म्हणून तर त्यांनी वाळवंट निवडलं होतं. लोकांना मात्र ते सांगत की सगळे पक्षी पाहून झाले, आता एक माळढोक तेवढा राहिलाय.

खरी गोष्ट अशी की त्यांचे कान गेले होते. आधी फुलटोच्या पक्ष्याची टिकटिक गेली, मग शिंजीर, मग वटवट्या. बायको हाक मारायची ती ऐकू यायची, निदान तिसऱ्यांदा तरी, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागला नाही. ते गुपचूप चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. वयाप्रमाणे बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज टिकतात, असं डॉक्टर म्हणाले. गुणवंतरावांनी त्यातलं अर्धंच मनावर घेतलं आणि कानातलं यंत्र कपाटात पँटच्या घडीखाली ठेवून दिलं.

आमच्याकडचं जंगल कानांनी पाहावं लागतं. बांबूच्या बेटात पक्षी दिसतो कधी? आधी ऐकायचा, मग शोधायचा. गेल्या नोव्हेंबरात एका पायवाटेवर पत्रूनं त्यांना सदरा धरून मागे ओढलं. डोक्यावर वानरं खाकरत होती, म्हणजे वाघ जवळपास होता. गुणवंतरावांना वानरं दिसली सुद्धा, ऐकू मात्र काही आलं नाही. त्या दिवशी त्यांना जी भीती वाटली ती वाघाची नव्हती. घरच्यांना कळलं तर रानात जाणं बंद होईल, आणि रान बंद झालं तर आपण उरलेले दिवस कॉलनीच्या ओट्यावर बसून काढू, याची होती.

हा पत्रू म्हणजे जिवतीच्या डोंगरातला गोंड शेतकरी, त्यांच्याच वयाचा. पंचवीस वर्षांपूर्वी माणिकगडावर घुबडं शोधताना दोघांची गाठ पडली, तेव्हापासून दर हिवाळ्यात आणि दर चैतात बरोबर हिंडायचं. पहिल्याच वर्षी दोघांत नियम ठरला होता की स्वतः पाहिला किंवा स्वतः ऐकला तरच पक्षी वहीत जायचा. गेल्या दोन वर्षांत गुणवंतरावांनी त्या वहीत चौदा ठिकाणी 'ऐकला' असं लिहिलं होतं. ऐकला होता पत्रूनं. वही उघडली की त्यांना त्या चौदा ओळींची लाज वाटायची.

आता दीपालीची अट अशी होती की पत्रूकाका आले तरच जायचं. आणि पत्रू हो म्हणत नव्हता. मार्चात मोह गळायला लागतो. गावाची पूजा होईस्तोवर फुलाला कुणी हात लावत नाही, आणि पूजा झाली की घरातलं एकही माणूस मोकळं नसतं. शिवाय पत्रू फोनवर एकच विचारायचा, की त्या रेतीत आपलं काम काय.

शेवटी गुणवंतरावांनी तंबू ठोकण्याच्या सरावाचं निमित्त काढलं आणि फेब्रुवारीत दीपालीला घेऊन जिवती गाठली. पत्रूच्या शेतात, मोहाच्या झाडापासून थोडं दूर, तुरीच्या रिकाम्या वावरात तंबू उभा राहिला. उभा राहायला दीड तास लागला. पत्रूची बायको सोमारी म्हणाली की एवढ्या वेळात तिनं मांडव घातला असता.

सकाळी चहा झाल्यावर दीपालीनं मोबाईलवर आणलेला माळढोकाचा व्हिडिओ लावून दिला, मोबाईल बाजेवर ठेवला आणि ती सोमारीबरोबर विहिरीवर गेली. पडद्यावर उंच, पांढऱ्या मानेचा पक्षी गळ्याची पिशवी फुगवून उभा होता. पत्रू शेजारी बसला होता. गुणवंतरावांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "वा! काय आवाज आहे."

 पत्रू त्यांच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाला, "भाऊ, आवाज बंद हाय त्याचा."

गुणवंतरावांनी मोबाईल पाहिला. खरंच बंद होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखान्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, ती इथे बाजेवर घातली. मग सगळंच सांगून टाकलं, डॉक्टर, कपाटातलं यंत्र, वहीतल्या चौदा ओळी, वाळवंट का निवडलं तेही.

"मले मालूम हाय," पत्रू म्हणाला. "दोन साल झाले."

आणि त्यानं दोन बोटं त्यांच्या कोपराला लावली. गेली दोन वर्षं पक्षी बोलला की तो असाच कोपराला हात लावायचा आणि मग नाव सांगायचा. गुणवंतरावांना वाटायचं, पत्रू म्हातारा झाला, आधार घेतो. त्यांनी त्याच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटलीसुद्धा आणून दिली होती.

पत्रूनं मोबाईलचा आवाज सोडला, कानाशी धरला आणि त्याचा चेहराच बदलला. लग्नाआधी दोन वर्षं तो वरोऱ्याकडे कापूस वेचायला जात असे. तिथल्या माळावर उन्हाळ्याच्या तोंडाशी हा आवाज यायचा. लोक त्या पक्ष्याला हूम म्हणत. दिसला कधीच नाही, कारण वेचताना सकाळी वाकलेली मान संध्याकाळीच वर व्हायची. पंचवीस वर्षं गुणवंतराव माळढोक माळढोक म्हणत राहिले, आणि हूम म्हटलं असतं तर पत्रूनं पहिल्याच दिवशी ओळखला असता.

गुणवंतरावांनी मोबाईल कानाला लावला. पार चेपून धरला. नुसती खरखर. तेवढ्याशा डबीतून तो जाड आवाज पुरता निघणार तरी कसा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, झालं, हाही गेला. मोबाईल बाजेवर ठेवून ते म्हणाले की तिकिटं रद्द करू, दीपालीला मीच सांगतो.

पत्रू उठून घरात गेला. गुणवंतराव तंबूकडे तोंड करून बसले. खुंट्या उपटायच्या तर आधी कुठली, याचासुद्धा ते मनात क्रम लावत होते. विहिरीवरून बायका अजून परतल्या नव्हत्या.

आणि तेव्हा त्यांना ते ऐकू आलं. पाठीमागून, लांबून, जाड आणि खोल. हूम्. मग थोडं थांबून पुन्हा, हूम्. कानापेक्षा छातीतच जास्त वाजलं. ते गर्रकन वळले. पन्नास पावलांवर, मोहाच्या झाडाआड, पत्रू पाणी न्यायचा वाळक्या भोपळ्याचा तुंबा तोंडाला लावून उभा होता. गाल फुगलेले होते.

"ऐकलं?" त्यानं हातानंच विचारलं.

गुणवंतरावांना आनंद इतका झाला की चष्मा काढून पुसावा लागला. पत्रू तुंबा काखेत मारून जवळ आला तोवर त्यांनी खिशातून वही काढली होती आणि पेनाचं टोपण दातांत धरलं होतं.

पत्रूनं वहीवर हात ठेवला.

"लिवू नोका, भाऊ. हा तुंबा हाय. हूम आपण तिथी गेल्यावर लिवू." आणि सोमारी ऐकत नाही ना, हे पाहून तो पुढे म्हणाला, "फक्त मोह गळाच्या आंधी वापस आना मले."