वेळेवर सुचलेलं उत्तर

सुताराला उत्तर सुचायचं, नाही असं नाही. पण बैल गेल्यावर झोपा करावा, तसं. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात टोमणा मारत, "काय हो, आज तरी दुपारी डोळा लागू देणार का?" सुतार मान खाली घालून सटके. मग जेवताना घास हातात धरून म्हणे, "असं म्हणायला हवं होतं मी!"

"मग मला कशाला सांगताय? वर जाऊन सांगा," बायको म्हणे.

शेवटी मास्तरांनी दावाच ठोकला: करवतीच्या मशीनचा आवाज असह्य, तळमजल्यावरचं काम बंद करा. घरातली चूल त्या मशीनवर पेटत होती.

सुताराच्या वकीलबाईंनी बजावलं, "दादा, फक्त हो किंवा नाही. शहाणपणा माझ्यावर सोडा."

साक्षीला तो उभा राहिला. मास्तरांच्या वकिलाने विचारलं, "रात्री मशीन चालवता?"

"नाही."

"दारं बंद करून चालवता?"

"हो."

वकीलबाई खूश. मग वकील खवचटपणे म्हणाला, "म्हणजे दोष माझ्या अशिलांच्या कानांतच आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

आणि जन्मात पहिल्यांदा सुताराला वेळेवर सुचलं.

"छे हो! कान तर भलतेच तिखट. मशीन चालू असलं की शेजारी उभ्या बायकोची हाक मला ऐकू येत नाही. पण आमच्या घरातलं भांडण यांना वर शब्दन् शब्द ऐकू जातं!"

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मास्तर लालबुंद. सुताराची छाती फुगली.

हसू आवरत न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, "घ्या लिहून. मशीन चालू असताना शेजारी उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही."

"मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणत वकील खाली बसला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

पुढच्या तारखेला निकाल लागला: मशीन हलवा.

"किती वेळा सांगितलं होतं, दादा!" वकीलबाई चिडून म्हणाल्या.

"पण बाई, हसले ना सगळे?"

"त्या हसण्याची भाजी करू का?" बायकोने विचारलं.

रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. "नुसतं 'नाही' म्हणायला हवं होतं मी!" तो ओरडलाच.

वर खुर्ची सरकली.

"हळू बोला," बायको म्हणाली. "कान तिखट आहेत ना त्यांचे."