भट्टीच्या नळीचं पाणी

रविवारी सकाळी सातलाच आमच्या जेपारा गावातल्या गल्लीत रांग लागली होती. कोणाच्या हातात बाटली, कोणाच्या हातात किटली. कास्मुरीदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या लाकूड कारखान्याच्या भिंतीतून एक रबरी नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. नळीशेजारी वेताच्या खुर्चीत सारपानआजोबा बसले होते. अंगारा, ताईत, मंत्रपाणी हाच त्यांचा धंदा.

"साग रडतोय," ते प्रत्येकाला सांगत. "दोनशे वर्षं कबरींवर सावली धरली त्यानं. आता तुमची दुखणी स्वतःच्या डोळ्यांनी गाळतोय. डोळे मिटून प्या. वास घेऊ नका."

वास घेतला असता तर ओल्या लाकडाचा आला असता.

वादळात कब्रस्तानातला साग पडला, तो दादानं घेतला, फळ्या पाडल्या आणि वाळवायला भट्टीत रचल्या. मी तंत्रशाळेत शिकवतो. भट्टी मीच बांधून दिली होती. बंद खोली, आत पंखे आणि ओल ओढणारं यंत्र. लाकडातली ओल हवेत उतरते, हवा यंत्राच्या गार नळ्यांवरून जाते, तिथे ओलीचं पाणी होतं आणि बाहेर पडतं. बर्फाच्या चहाचा पेला बाहेरून भिजतो, तसंच.

हे मी रांगेला दोनदा समजावलं. टोफू विकणारी सुमियाती म्हणाली, "मास्तर, तुमच्या पेल्यानं माझा गुडघा थांबला नाही. ह्यानं थांबला."

मी नाद सोडला असता, पण रांगेत वहिनी होती. नगातिनीवहिनीला क्षय झाला होता. गोळ्यांचे दोन महिने झाले होते, चार उरले होते. गोळ्या आणि अश्रू एका पोटात नांदत नाहीत, असं आजोबांनी सांगितलं, आणि तिनं गोळ्या बंद केल्या.

"वहिनी, दवाखान्यात काय बजावलं होतं?"

"गोळ्यांनी मळमळतं रे. हे प्यायलं की भूक लागते. काल दोन वाट्या भात खाल्ला मी."

मी दादाकडे पाहिलं. तो फळ्या मोजत असल्यासारखं करत राहिला.

दर रविवारी मी भट्टीच्या झरोक्यातून नमुन्याची एक फळी काढून वजन करायचो. चौथ्या रविवारी तिचं वजन आदल्या आठवड्याइतकंच भरलं. लाकूड वाळलं होतं. नळी मात्र पहिल्यापेक्षा जोरात वाहत होती. मग हे पाणी कुठलं? म्हाताऱ्याची लबाडी सापडली, असं मला वाटलं. मी सगळ्यांना भट्टीच्या दाराशी बोलावलं.

"राहू दे," दादा म्हणाला. "आतली ऊब जाईल."

मी कुलूप काढलं. फळ्यांच्या मागे पाण्यानं अर्धा भरलेला टब आणि चार ओली गोणपाटं होती.

"बघा, आठवडाभर तुम्ही गोणपाटाचं पाणी पिताय," मी म्हणालो.

"किल्ली माझ्याकडे नसते," आजोबा शांतपणे म्हणाले.

किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्याकडे.

"गोणपाटं मी ठेवली," दादा म्हणाला. "गेल्या सोमवारी पाणी आटलं. नगातिनी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी काय करायला हवं होतं, तूच सांग."

मी यंत्र बंद केलं.

"नवऱ्याच्या मायेनं झाड पुन्हा पाझरलं," असं म्हणून आजोबा उठले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात मंत्रपाण्याचा माठ मांडलेला होता आणि रांग तिकडे गेली. सुमियातीही गेली.

वहिनी तेवढी थांबली. तिनं विचारलं, "मग भूक कशानं लागत होती?"

"दोन महिन्यांच्या गोळ्यांनी, वहिनी. त्या लागू पडत होत्या. आणि बंद केल्यावर मळमळही थांबली."

ती खाली बसली.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. महिन्याभरानं अहवाल आला: जुन्या गोळ्यांना जंतू आता दाद देत नाहीत. गोळ्या मध्येच सोडल्या की असं होऊ शकतं. सध्या ती सेमारांग शहरातल्या मोठ्या इस्पितळात आहे. नवी औषधं कडक आहेत, कानांत सतत घणघण होते. दादा तिच्या उशाशी बसतो. पुढे काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

भट्टी कशी चालते हे मी कोणालाही समजावू शकतो. ऐकणारे थोडे, हे आता कळलंय. तरी सांगतो. कोणी चमत्कार दाखवला, तर तो कशानं होतो हे शोधा. बरं वाटलं, तर कशानं वाटलं ते तपासा. आणि ते कळेपर्यंत चालू औषध सोडू नका. आमच्या घरात हे तपासायला चार आठवडे उशीर झाला.